हिरव्या पट्ट्याचे चेंडू

"एकतीस?" बायकोने कपाटातली रिकामी खोकी एकेक करून पलंगावर मांडली. "तीन आठवड्यांत एकतीस बॉल? खाता की काय?"

"हरवतात अगं," मापेसाहेब म्हणाले. "गोल्फमध्ये सगळ्यांचेच हरवतात."

"मग हरवायला इतके भारी कशाला? स्वस्तातले हरवा की."

मापेसाहेब खोकी परत कपाटात रचू लागले. निवृत्त झाल्यावर जावयाने त्यांना काठ्यांची पिशवी आणि मैदानाचे सभासदत्व भेट दिले होते. चेंडू मात्र स्वतःचे आणायचे होते. सोबत खेळणारे दाताचे डॉक्टर सोनेरी खोक्यातले चेंडू वापरत, म्हणून यांनीही तेच घेतले. डॉक्टरांचा चेंडू हिरवळीवर जाई. यांचा तळ्यात, झुडपात, आणि एकदा तर कुंपणापलीकडून चाललेल्या ट्रकमध्ये गेला. तो चेंडू पुढे कुठल्या गावाला पोहोचला, देव जाणे.

मापेसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. बत्तीस वर्षे ते वजनमापे निरीक्षक होते, आणि ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागत. 'पावती मागा, तुमचा हक्क आहे' हे फलक त्यांनी स्वतः शिडीवर चढून दुकानादुकानात लावले होते. अशा माणसाने चेंडू न पारखता घेतला, हेच मुळात त्यांना लागले. दुसऱ्या दिवशी ते खिशात छोटा तराजू घालून खेळाच्या दुकानात गेले.

तासाभरात त्यांनी नऊ प्रकारचे चेंडू तोलले.

"सगळे पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅम," ते म्हणाले. "आकारही तोच. मग एकाच्या किमतीत दुसरे चार कसे येतात?"

"फरक आत असतो साहेब," दुकानदार म्हणाला. "ह्याच्यात चार थर, ह्याच्यात दोन. चार थरांचा बॉल पडला की जागच्या जागी थांबतो."

"माझा तळ्यात थांबतो."

"म्हणूनच सांगतो, तुमच्यासारख्यांनी हा घ्यावा. दोन थरांचा, मऊ, स्वस्त. नवीन माणसाला चार थर घेऊन काय करायचंय? आधी बॉलला काठी लागू दे, मग थरांचं बघू."

सल्ला अगदी रास्त होता. पण 'तुमच्यासारख्यांनी' हा शब्द मापेसाहेबांना झोंबला. तराजू खिशात घालून ते काही न घेता बाहेर पडले.

बाहेर पडले ते थेट कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानासमोर. तिथे मोडक्या पंख्याशेजारी जाळीची पिशवी लटकत होती. आत साठ चेंडू. प्रत्येकाला मधोमध हिरवा पट्टा. मापेसाहेबांनी दहा-बारा तोलून पाहिले. एकही कमी भरला नाही. पट्टा बहुधा नेम धरायला असावा, असे त्यांनी ठरवले. किंमत तर इतकी कमी, की घासाघीस करायचीही लाज वाटावी.

"पावती नको असेल तर अजून कमी करतो," दुकानवाला म्हणाला.

मापेसाहेबांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं."

रविवारी त्यांनी ऐटीत पहिला चेंडू जमिनीत रोवलेल्या खुंटीवर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो सरळ, उंच आणि लांब गेला. मैदानाच्या मॅनेजरच्या कचेरीपुढे चार टप्पे खाऊन व्हरांड्यात जाऊन थांबला.

"वा! घ्या, दुसरा मारा आता," दाताचे डॉक्टर म्हणाले, आणि मापेसाहेबांनी काढलेला दुसरा चेंडू पाहून त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, हा कुठून आणलात?"

"विकत घेतला."

"हिरव्या पट्ट्याचा बॉल विकत मिळत नाही. पलीकडच्या सरावाच्या मैदानावर बादलीतून भाड्याने देतात ना, ते हे. बाहेर न्यायचे नसतात. तो बोर्ड नाही वाचला?"

मापेसाहेबांनी मान वळवली. कचेरीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिले होते : 'सरावाचे चेंडू नेणे ही चोरी आहे.' फलकाखाली मॅनेजर उभा होता. त्याच्या हातात हिरव्या पट्ट्याचा चेंडू होता.

"कोणाचा हा?" त्याने मैदानभर ऐकू जाईल असे विचारले.

मापेसाहेब वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बूट बिननाडीचे होते.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळे सांगितले.

"त्यात काय घाबरायचं? जाऊन सांगा, विकत घेतलेत म्हणून. पावती दाखवा."

मापेसाहेब भिंतीवरचे कॅलेंडर सरळ करू लागले.

"अहो, पावती?"

"नाही घेतली."

बायको मटकन खुर्चीत बसली. चोरीच्या मालाचे ऐकून तिला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा याने बसला. "तुम्ही? तुम्ही पावती नाही घेतली? लग्नात मांडववाल्याकडून पावती घेतल्याशिवाय बोहल्यावर चढला नव्हतात तुम्ही!"

संध्याकाळी ते पिशवी घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "मी तर तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय काका. पावती आहे का?"

"टाकून द्या कुठेतरी," ते घरी परतल्यावर बायको म्हणाली.

"दुसऱ्याचा माल टाकायचा? परतच करायला हवेत. पण गुपचूप."

युक्ती सोपी होती. सरावाच्या मैदानावर पन्नास चेंडूंची बादली घ्यायची, आणि पॅन्टच्या खिशात भरून नेलेले सहा-सात चेंडू त्यांत मिसळून सगळे मैदानात मारून टाकायचे. मंगळवारी सात गेले. बुधवारी आठ. खिसे असे फुगत, की मापेसाहेबांना पाय फाकून चालावे लागे. बाजूला सराव करणाऱ्या बाई त्यांना संधिवाताचे तेल सुचवून गेल्या.

गुरुवारी उजवा खिसा उसवला. एक चेंडू पॅन्टच्या आतून घरंगळत खाली आला आणि बुटावर टप्पा खाऊन लोळत लोळत मॅनेजरच्या पायाशी गेला.

"साहेब," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "खिशात अजून काही आहे का?"

आजूबाजूच्या काठ्या थांबल्या. मापेसाहेबांनी एकामागून एक सहा चेंडू काढून बादलीत टाकले. अशाच एका सकाळी त्यांनी एका वाण्याला गल्ल्यावरून उठवून तराजूखाली चिकटवलेले चुंबक काढायला लावले होते. त्या वाण्याचा चेहरा त्यांना बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच नीट आठवला.

"मी न्यायला नाही, ठेवायला आलोय," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते खोटे वाटले.

मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. परवापासून माझ्या मोजणीत बॉल वाढतायत. म्हटलं, माझंच डोकं फिरलं. ते तुम्ही?"

मापेसाहेबांनी सगळे सांगून टाकले. साठ चेंडू, पिशवी, पावती. पावतीपाशी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मॅनेजरला ती ऐकूच आली नाही. त्याने फक्त त्यांचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ हलवला.

शुक्रवारी फलकाखाली नवा कागद लागला : 'एका ज्येष्ठ सभासदाने नेलेले चेंडू मोठ्या मनाने परत केले आहेत. इतरांनीही आदर्श घ्यावा.' नाव नव्हते. पण सहा चेंडू खिशातून निघताना अर्ध्या मैदानाने पाहिले होते.

"'नेलेले' म्हणे!" मापेसाहेब घरात येरझाऱ्या घालत होते. "अगं, त्यापेक्षा नाव घालून 'चोर' लिहिलं असतं तर परवडलं असतं."

त्यांनी खेळाच्या दुकानातून दोन थरांच्या स्वस्त चेंडूंचे खोके आणले, त्याची पावती घेतली, तिच्यावर शिक्काही मारून घेतला. पण खोके उघडायचा धीर होईना. शनिवारी दिवसभर ते घराबाहेर पडले नाहीत.

रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात दाताचे डॉक्टर, काखेत उशीचा अभ्रा. आत काहीतरी खडखडत होते.

"तुम्ही नेऊन ठेवताच आहात," डॉक्टर जिन्याकडे बघत म्हणाले, "तर हे पण... म्हणजे खिशात चुकून राहिले हो. एखाद-दुसरा."

"किती आहेत?"

"शंभरेक असतील. अकरा वर्षांत होतात तेवढे."

दुपारी संधिवाताच्या तेलवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडे चाळीस होते, धुऊन पुसून आणलेले. संध्याकाळी एका निवृत्त न्यायाधीशांनी ड्रायव्हरकडून बुटांची दोन खोकी पाठवली, वर 'नाजूक वस्तू' असे लिहून. सोमवारी तर बायकोने दाराशी कपड्यांची टोपली ठेवली आणि येणाऱ्याला बोलायचीही तसदी दिली नाही. नुसते टोपलीकडे बोट दाखवी. माणूस खाली मान घालून पिशवी रिकामी करी आणि पाणीही न पिता निघून जाई.

मंगळवारी मापेसाहेबांनी रिक्षा केली. सगळी टोपली, स्वतःच्या पिशवीत उरलेल्या चेंडूंसकट, मॅनेजरच्या टेबलापाशी ठेवली आणि घाम पुसला.

"चारशे अठरा," ते म्हणाले. "मी मोजलेत."

मॅनेजरने टोपलीत पाहिले. उशीचा अभ्रा पाहिला. 'नाजूक वस्तू' लिहिलेले खोके पाहिले. "साहेब, हे कोणाकोणाचे?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मापेसाहेबांनी असल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नाव, पत्ता आणि सहीनिशी दिले होते. आताही यादी त्यांच्या अगदी ओठांवर होती. पण जिन्याकडे बघत बोलणारे डॉक्टर त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यांनी घसा खाकरला.

"सगळे माझेच."

"तुमचे? तुम्हाला खेळायला लागून दोन महिने नाही झाले!"

"माझा हात जरा भरभर चालतो."

मॅनेजरने मोजणीची वही मिटली. मग उठला, कचेरीचे दार लोटून आला आणि परत खुर्चीत बसला. टेबलावरचा पेपरवेट त्याने इकडून तिकडे सरकवला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"साहेब, समजा... उद्या मी घरून एक पिशवी आणली, तर तीसुद्धा तुमचीच म्हणता येईल का?"

मापेसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणू," ते हळूच म्हणाले. "पण मोजून आणा."