चोरीच्या सिनेमांचे बेलिफ

यंत्राच्या दारावर पिठाची खळ लावून नोटीस डकवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे. ते म्हणजे वडगाव मावळातले आमचे शेजारी इक्बालभाई. तळेगावला त्यांच्या भाच्याच्या, समीरच्या, कंपनीत एक थंडगार खोली आहे. तिथे लोखंडी कपाटांत सर्व्हर, म्हणजे कधीच बंद न होणारे संगणक, घूं घूं करत असतात. त्या दिवशी इक्बालभाईंनी चौदा नंबरच्या कपाटासमोर उभं राहून भाडेकरूच्या नावाचा तीनदा पुकारा केला. आतून उत्तर आलं नाही. मग त्यांनी घरून डब्यात आणलेली खळ काढली, कागदाच्या चारही कोपऱ्यांना बोटाने लावली आणि नोटीस कपाटाच्या जाळीदार दारावर दाबून बसवली.

"मामू, हवा अडतीय! मशीन तापंल ना!" समीर धावत आला.

"तापू दे. नोटीस लागल्यावर माणूस बी तापतो," इक्बालभाई शांतपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सर, सही."

मी पंच होतो. मी सही केली. दुसरे पंच म्हणजे कंपनीचे रखवालदार. त्यांनी सही करण्याआधी विचारलं, "आत माणूस हाय का?"

"सदर इसम आत राहतो, पण मिळून येत न्हाई," इक्बालभाईंनी खुलासा केला.

इक्बालभाई तीसेक वर्षं वडगावच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचे कागद लोकांच्या हाती पोचवणं हे बेलिफाचं काम. माणूस सापडला नाही, तर दोन पंचांसमक्ष कागद त्याच्या दाराला डकवायचा आणि तसं लिहून आणायचं. मावळातल्या कुठल्या गावात कुठलं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतंच भुंकतं, हे त्यांना पाठ आहे. निवृत्त झाले तरी भाषा कोर्टातच राहिली. दूधवाला आला नाही तर ते बहिणीला सांगतात, "दूधवाला पत्त्यावर मिळून आला न्हाई." आणि बाजारातून आल्यावर, "सदरहू वांगी आतून किडकी निघाली, सबब परत केली."

बहिणीकडेच ते राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी तिच्या स्वयंपाकघराची रोज तपासणी सुरू केली, तेव्हा ती वैतागून मुलाला म्हणाली, "समीर, तुझ्या मामूला काम दे, न्हाईतर मला दुसरं घर बघ."

समीरचा धंदा जागा भाड्याने देण्याचा आहे, पण ती जागा त्या संगणकांमधली. कुणी तिथे दुकानाचं संकेतस्थळ ठेवतो, कुणी शाळेचं. आणि एखादा महाभाग नवा सिनेमा चोरून तिथे ठेवतो आणि जगाला फुकट दाखवतो. मग सिनेमावाल्यांच्या वकिलांचं तक्रारपत्र समीरला येतं. समीरने ते भाडेकरूला पाठवायचं, चोवीस तासांची मुदत द्यायची, ऐकलं नाही तर त्याचं यंत्र बंद करायचं. भाडेकरू "यस सर, सॉरी सर" म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात नवं नाव घेऊन पुन्हा हजर होतो. या सगळ्या पत्रव्यवहाराला समीर कंटाळला होता. त्याने तो मामूंच्या गळ्यात घातला.

इक्बालभाईंनी पहिल्याच दिवशी इंग्रजी मसुदा बाजूला सारला. "ह्यात दम न्हाई," म्हणाले. "डिअर कस्टमर काय? आरोपीला कोण डिअर म्हणतं?" त्यांनी स्वतः मराठीत लिहिलं: 'तुम्हांस कळविण्यात येते की, सदरहू नोटीस मिळताच चोवीस तासांत आक्षेपित चित्रपट काढून टाकावा. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस तुम्ही स्वतः जबाबदार राहाल.' खाली गोल शिक्का. असं एक पत्र चुकून परदेशातल्या एका भाडेकरूला गेलं. इंग्रजी पत्रांना त्याने कधी दाद दिली नव्हती. हे आल्यावर त्याने तासाभरात सगळं काढलं आणि माफीही मागितली. समीर अजून सांगतो, त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण शिक्का कळला.

तक्रार खरी आहे का हे बघायला सिनेमा उघडावा लागतो. इक्बालभाई तो दोन मिनिटं बघतात आणि बंद करतात. नायिका कड्याच्या टोकावर लोंबकळत असली तरी बंद. मी एकदा न राहवून विचारलं, "पुढं काय झालं असेल हो?"

"आपल्याला काय करायचंय, सर? बाई हजर व्हती, नोंद केली. मुद्देमाल बघत बसायचा नसतो."

मी या कामात कसा आलो, ते सांगायला हवं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. गेल्या दिवाळीनंतर माझी पत्नी सुमन गेली. त्यानंतर मी घरातच असे. पुस्तक उघडून बसे आणि संध्याकाळी तेच पान मिटून ठेवी. एक दिवस इक्बालभाई दारात उभे राहिले, हेल्मेट काखेत.

"सर, पंच पायजे. लिहिता-वाचता येणारा, दोन्ही पार्टींशी संबंध नसलेला."

"मला त्या यंत्रांतलं काही कळत नाही, इक्बालभाई."

"पंचाला कळायची गरज न्हाई. दिसलं पायजे फक्त. चष्मा घ्या."

"पण पंच लागतोच का?"

"म्हंजे काय! समक्ष बजावणी झाल्याबिगर यंत्राला हात लावता येत न्हाई. नियम हाय."

ग्रंथपालाला नियम म्हटलं की पुढे बोलता येत नाही. मी चप्पल घातली.

तेव्हापासून दर मंगळवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मावळ पाहिला. मी इथेच जन्मलो, पण एवढा कधी पाहिला नव्हता. लोणावळ्याला तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा पत्ता होता. बंगल्याला कुलूप, आणि माळी म्हणे, "साहेब मुंबैला असत्यात. मी त्यांना फकस्त फोनवर बगितलंय." इक्बालभाईंनी दाराला नोटीस डकवली. तेवढ्यात भाड्याने बंगला शोधत फिरणारं एक कुटुंब आत आलं. त्यातल्या गृहस्थांनी नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली आणि काळजीने विचारलं, "चोवीस तासांत म्हणजे चेक-आउट दुसऱ्या दिवशी किती वाजता?"

परतताना इक्बालभाई वाटभर हसत होते. मीही हसलो असेन, कारण त्यांनी आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

मग वडिवळ्याचं प्रकरण आलं. एक भाडेकरू तिसऱ्यांदा नव्या नावाने आला होता आणि दर शुक्रवारी नवा सिनेमा दाखवत होता. ज्या मोठ्या कंपनीच्या इंटरनेट जोडणीवर समीरची सगळी यंत्रं चालतात, तिचं या वेळी कडक पत्र आलं. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत याला काढा, नाहीतर तुमची सगळीच जोडणी तोडू. म्हणजे शाळा, दवाखाना, चिक्कीची दुकानं, सगळ्यांचं एकदम बंद. समीरचा दहा वर्षांचा धंदा बसला असता. मंगळवारी दुपारी इक्बालभाईंनी मला हे सगळं सांगितलं आणि भाडेकरूने दिलेल्या आधार कार्डाची प्रत दाखवली. पत्ता वडिवळ्याचा होता.

"वेळेत होईल ना?" मी विचारलं.

"बसा मागं," ते म्हणाले.

कामशेतवरून आत वळून आम्ही पोचलो तेव्हा कार्डावरचे गेनूआबा आणि त्यांची बायको अंगणात भात झोडत होते. आबा सत्तरीच्या पुढचे. इक्बालभाईंनी नाव विचारलं, कार्डाशी ताडून पाहिलं आणि नोटीस वाचून दाखवली.

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "पिच्चर? आमी? हितं लाईट टिकती व्हय?"

"साऱ्या जगाला दाखवता म्हणं, आबा."

"नातीच्या लग्नाचा दावलाता गावाला. त्यो बी अर्धाच चालला."

"म्या म्हनलंच व्हतं," शेजारून आबांच्या घरच्या मावशी कडाडल्या, "नवरदेवाचं तोंडच दिसंना त्यात. त्येंनीच केली असंल तक्रार!"

हळूहळू उलगडलं. आबांनी मोबाइलचं कार्ड घेताना कुठल्याशा दुकानात आधारची झेरॉक्स दिली होती. तिथून ती कुठे कुठे फिरली, कुणास ठाऊक. मला वाटलं, आता इक्बालभाई घाई करतील. पण ते घोंगडीवर मांडी घालून बसले. आबांना म्हणाले, "तुमच्या नावावर भलत्यानं भाड्यानं यंत्र घेतलंय. उद्या पोलीस आलं तर तुमी काय दावणार? आधी अर्ज देऊन ठेवायचा. अर्ज सर लिहितील. सरांचं अक्षर बघा, छापल्यावाणी."

मी अर्ज लिहिला. मग चहा आला. मग इंद्रायणी भाताला यंदा किती फुटवे आले याची चौकशी झाली. मग मावशींनी भाकरी टाकायला घेतली. साडेतीन वाजले, चार वाजून गेले. मी घड्याळ दाखवलं, तर इक्बालभाई म्हणाले, "सर, ठेचा घ्या."

मी भाकरी तशीच ठेवली. समीरचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. हात धुतो असं सांगून मी उठलो, बांधावर जिथे फोनला रेंज होती तिथे गेलो आणि समीरला फोन लावला.

"समीर, हा माणूस तो नव्हे. नोटीस कुणाला बजावायची तेच कळत नाही. त्या कंपनीकडून एखादा दिवस वाढवून घे."

"सर, ते मशीन मी काल संध्याकाळीच बंद केलं. सकाळी त्यांचं उत्तरही आलं, सगळं मिटलं. मामूंना सांगूनच पाठवलं की मी. कार्ड ज्यांचं आहे त्या आबांना सावध करायला जातो म्हणाले."

"आणि समक्ष बजावणी? पंच?"

तिकडे समीरने दार लोटल्याचा आवाज आला. "नोटीस मेलनंच जाते, सर. पहिल्यापासून. हे पंचांचं मामूंनी सुमनकाकू गेल्यानंतर सुरू केलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमची मामी गेली तेव्हा मी लहान होतो. कोर्टातले नाझर, म्हणजे मामूंचे साहेब, त्यांना रोज मुद्दाम लांबच्या गावचे समन्स द्यायचे म्हणे. घरी बसू द्यायचे नाहीत. मी बोललो म्हणून सांगू नका हं."

मी फोन खिशात ठेवला. वडिवळ्याच्या धरणावरून वारा येत होता. कापलेल्या शेतांत बगळे उतरले होते. मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो आणि मग परत आलो.

इक्बालभाईंचा पंचनामा लिहून झाला होता. आबांनी अंगठ्याऐवजी मोठ्या जिद्दीने सही केली होती आणि मावशी ती लांबून बघत होत्या. इक्बालभाईंनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी तो सगळा वाचला. 'सदर इसम निर्दोष असून भात झोडताना मिळून आला. पंचांस भाकरी देण्यात आली.' मी खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख घातली.

"पुढची तारीख कधी, इक्बालभाई?"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. आजवर मी हे कधी विचारलं नव्हतं.

"मंगळवारी," ते म्हणाले. "आंबीला."

"तिथे कोण आहे?"

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

"शोधावं लागंल, सर."