टर्बो राजाची खंडेनवमी

दुपारी नवी पेठ उन्हानं सुस्तावली की मृत्युंजयच्या दुकानात एक नदी वाहायला लागायची. तो गादीवर तक्क्याला टेकून डोळे अर्धवट मिटायचा आणि त्याचे दोन्ही अंगठे मांडीवर आपोआप हलू लागायचे. डावा जरा इकडे, जरा तिकडे. उजवा मधूनच टुक टुक. समोरची बाई खणाचा भाव तिसऱ्यांदा विचारत असली तरी त्याच्या कानापर्यंत काही पोहोचत नसे. मग गल्ल्यावरून त्याची बायको शिवलीला हाक मारायची, "मावशी, हिकडं या, मी दाखवते. हे आत्ता पाण्यात हायत."

मावशी जरा घाबरून तिकडे सरकायची. शिवलीलाला मात्र नवऱ्याच्या या जलप्रवासाची सवय झाली होती.

ही नदी तशी जुनी होती. मृत्युंजय शाळेत असताना शुक्रवार पेठेतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. खाऊचे पैसे साठवले की अर्धा तास खेळायला मिळायचं. बाकीची पोरं बदकं मारायची, रणगाडे उडवायची. हा एकटा होडीचा गेम लावायचा. निळी नदी, हिरवे काठ आणि पांढरी होडी. खडक चुकवत चुकवत जायचं. बऱ्याच वेळानं लांबवर एक लाल पूल दिसायचा, आणि होडी पुलाखाली शिरणार तोच पार्लरवाला मागून येऊन टीव्हीचं बटण दाबायचा. पुलापलीकडे काय आहे, हे मृत्युंजयला कधी दिसलंच नाही. घरी मशीन मागितलं, तर वडिलांनी त्याला दुकानात कापड मोजायला बसवलं. पुढे पार्लर बंद झालं, मृत्युंजयला मिशा आल्या, लग्न झालं, मिशा पिकायला लागल्या आणि होडी पुलाच्या अलीकडेच राहिली.

आणि मग या श्रावणात त्याला टर्बो राजा सापडला. रेडिओ-टीव्हीचं एक जुनं दुकान कायमचं बंद होत होतं. तिथल्या माळ्यावरून धूळ झटकत एक डबा खाली आला. आत तेच मशीन, तीच कॅसेट, आणि वर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं. कुणी कधी उघडलेलाच नाही असा सीलबंद डबा. त्यावर एक गुटगुटीत मुलगा हातात खेळातलं पिस्तूल धरून हसत होता आणि त्याच्या डोक्यावर '९९९९९ खेळ' असं छापलं होतं. खरे खेळ सातच असत, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. पण त्या सातांत होडी होती. दुकानदारानं छापील किंमत घेतली, वर पिशवीही दिली. मृत्युंजय रिक्षात डबा मांडीवर घेऊन असा बसला होता, की रिक्षावाल्यानं बाळ-बाळंतिणीसाठी चालवावी तशी रिक्षा हळू चालवली.

घरी आल्या आल्या तो ब्लेड घेऊन बसला. तेवढ्यात त्याला अवदसा आठवली. वायर आजच्या टीव्हीला चालेल का, एवढंच विचारायला त्यानं डब्याचा फोटो जुन्या गेमवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. वायरीबद्दल कुणीच बोललं नाही. 'फोडू नका' असे मात्र पंचवीस-तीस निरोप आले. सीलबंद असेल तर चाळीस हजार, फोडला तर तीन, असा हिशेब पुण्याच्या पृथ्वीराज नावाच्या एका संग्राहकानं मांडला. मृत्युंजयचा ब्लेड धरलेला हात जागीच थांबला.

तेव्हापासून डबा कपाटात इरकली साड्यांच्या मध्ये, उन्हापासून, दमटपणापासून आणि मृत्युंजयपासून सांभाळून ठेवलेला होता. भाव चढत गेला. पन्नास झाला, साठ झाला. जसजसा भाव चढे, तसतशी नदी लांब जाई. आपल्या घरातल्या कपाटात, आपल्याच पैशानं घेतलेली नदी, आणि तिच्यात पाय बुडवायचा तर सत्तावन्न हजार बुडत होते.

त्याच्या आईला, नागम्मांना, हे गणित कुणीतरी एकदा नीट समजावून द्यायला हवं होतं. मृत्युंजयनं प्रयत्न केला.

"म्हंजे चाललं तर तीन हजार, अन् बंद ठिवलं तर साठ?" नागम्मा म्हणाल्या. "असलं कसलं यंत्र हाय रे हे?"

"अव्वा, साडीची घडी मोडली की भाव पडतोय की नाही? तसंच हाय हे."

"पर साडी नेसायला घेतात की. घडी मोडंल म्हनून कपाटाम्होरं कोन हुबं ऱ्हातंय जलमभर?"

मृत्युंजयनं कपाटाचं दार लावून घेतलं. तो रोज संध्याकाळी कपाटासमोर उभा राहत असे.

शेवटी शिवलीलानंच विषय काढला. दुकानात या उन्हाळ्यात दोन गिऱ्हाइकं घेरी येऊन बसली होती आणि एसी घ्यायचा विचार दोन वर्षं नुसता विचारच राहिला होता. "खेळायचा न्हाय तर इकून तरी टाका," ती म्हणाली. "तुमी पाण्यात असता, आमी उकडून निघतोय." तिचं खरं होतं. मृत्युंजयनं पृथ्वीराजला फोन केला. साठ हजारांवर सौदा ठरला. दसऱ्याला सुट्टी आहे, सकाळी येऊन घेऊन जातो, असं पृथ्वीराज म्हणाला. त्या दिवशी दुपारी मृत्युंजयचे अंगठे हलले नाहीत. शिवलीलाला ते दिसलं, आणि तिला वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही.

खंडेनवमीला मृत्युंजय सकाळीच दुकानात गेला. गज, कात्री, तराजू मांडून त्यानं रीतसर पूजा केली आणि जेवायच्या वेळेला घरी आला. घरची पूजा नागम्मांकडे असे. चौरंगावर शिलाई मशीन होतं, मिक्सर होता, विळी होती, स्कूटरची किल्ली होती. मिक्सर आणि विळीच्या मधोमध, झेंडूची माळ घालून, टर्बो राजा बसला होता. अंगावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. दोन्ही रिमोटच्या एकेका बटणावर कुंकवाचं एकेक बोट. डब्यातून निघालेल्या खेळातल्या पिस्तुलाच्या नळीत अगरबत्ती खोवलेली. डबा उघडा होऊन कोपऱ्यात गेला होता आणि त्यात उद्याची आपट्याची पानं भरून ठेवली होती.

मृत्युंजय उंबऱ्यातच बसला.

"अव्वा, हे काय केलं?"

"पूजा," नागम्मा म्हणाल्या. "मशिनीची करायची तर डबा फोडायलाच पायजे की. पुठ्ठ्याला कोन विभूती लावतंय?"

"पण याची कशाला पूजा?"

"डब्यावर बंदूक काडलीय, बघितलास न्हाय का? खंडेनवमी शस्त्राची असती. आपल्या घरात शस्त्र म्हनावं असं तेवढं एकच. ते तसंच कपाटात ठिवून मी विळीची पूजा करू?"

शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. हसू आवरतेय की रडू, ते कळत नव्हतं. मृत्युंजयनं चौरंगाचा फोटो काढला आणि पृथ्वीराजला पाठवला. खाली लिहिलं, 'माफ करा, फुटला.'

मोबाइल खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटायला हवं ते वाटत नाहीये. उलट छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालंय. साठ हजार गेले ते गेले. आता हे तीन हजारांचं मशीन होतं आणि ते त्याचं होतं. तो हलकेच उठला आणि त्यानं वायरीला हात घातला.

"आज न्हाय," नागम्मा म्हणाल्या. "आज हत्यारं विश्रांतीला असत्यात. उद्या दसऱ्याला चालवायचं."

तीस वर्षं थांबलेल्या माणसाला एक दिवस म्हणजे काहीच नव्हतं. दुपारी तो जमखान्यावर आडवा झाला. पंख्याच्या घरघरीत त्याला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. लाल पूल जवळ येत होता. पलीकडे समुद्र असेल का? की एखादं गाव, काठावर हात हलवणारी माणसं? डोळे मिटतच होते, एवढ्यात पृथ्वीराजचा फोन आला.

"हात लावला नाहीत ना?" पृथ्वीराज धापा टाकत होता.

"नाही. उद्या लावणार हाय."

"लावू नका. एक बोटही लावू नका. मी तुमचा फोटो ग्रुपवर टाकला, अहो, लोक वेडे झालेत. सीलबंद टर्बो राजा देशात आणखी चार-पाच तरी निघतील. पूजा झालेला एकच आहे. मी एक लाख दहा हजार देतो. पण भस्म आणि कुंकू आहे तसंच पाहिजे. एक कण पडला तरी भाव पडेल."

मृत्युंजयनं फोन ठेवला आणि चौरंगाकडे पाहिलं. नदी पुन्हा लांब गेली होती, आणि या वेळी जवळजवळ दुप्पट लांब.

दसऱ्याला सकाळी पृथ्वीराज आला. चाळिशीचा, नीटनेटका, खांद्याला कॅमेरा आणि हातात काचेची पेटी. घरात येताच त्यानं पांढरे हातमोजे चढवले, चौरंगापुढे गुडघे टेकले आणि खिशातून भिंग काढलं. नागम्मांना त्याची भक्ती फार आवडली.

"कुंकू घरचंच ना?" त्यानं विचारलं.

"घरचंच की. कमी वाटतंय का? आनखी लावते."

"नको, नको. आजी, कृपा करून नको." त्यानं चौरंगासमोर हात आडवे केले. मग पैसे पाठवायला त्यानं मोबाइल काढला. शिवलीलानं भिंतीकडे एकदा असं पाहिलं, की जणू दुकानात बसलेला एसी तिला तिथंच दिसतोय.

"चालवून बघितल्याबिगर न्यायचं न्हाय," नागम्मा म्हणाल्या.

"चालवायची गरज नाही, आजी. चालत नसलं तरी चालेल."

"तुमाला चालंल. आमाला न्हाय चालत. पूजलेलं हत्यार दसऱ्याला चालवायचं असतंय. न चालवता घराबाहेर गेलं तर वरीसभर आमचं दुकान बंद ऱ्हाईल. मिक्सर चालवलाय मी, मशीन चालवलीय. हेच तेवढं ऱ्हायलंय."

पृथ्वीराजनं विनवलं, भाव पाच हजारांनी वाढवला, मग कपाळाचा घाम पुसला. नागम्मा चौरंगाजवळून हलल्या नाहीत. अखेर तडजोड झाली. मशीन चौरंगासकट नागम्मांच्या खोलीत नेऊन तिथल्या जुन्या डबा टीव्हीला जोडायचं, बटण पृथ्वीराजनंच हातमोजा घालून कडेकडेनं दाबायचं, चित्र दिसलं की लगेच बंद करायचं.

कुठला गेम लावू, असं पृथ्वीराजनं विचारलं. "तीन नंबर," मृत्युंजय म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

टीव्ही आधी करडा झाला, मग थरथरला आणि मग निळा झाला. तोच निळा. काठ तसेच हिरवे, होडी तशीच पांढरी. पडदे ओढलेल्या त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडावर पाण्याचा उजेड आला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कुठूनतरी गार वाटायला लागलं. 

"झालं," पृथ्वीराज म्हणाला. "चाललं. आता बंद करू या." त्यानं रिमोट सोडून स्विचकडे हात नेला.

सोडलेली होडी हळूहळू डाव्या काठाकडे सरकायला लागली. पुढे एक खडक होता. मृत्युंजय भिंतीला टेकून उभा होता, हात मागे बांधून, आणि पाठीमागे त्याचे अंगठे हलत होते. शिवलीलाला ते दिसले. तिनं एकदा पृथ्वीराजच्या मोबाइलकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. हा चेहरा तिनं लग्नाच्या आधी कधी पाहिला असता तर बरं झालं असतं, असं तिला उगाचच वाटलं.

"अहो," ती म्हणाली, "ती होडी आपटतीय. धरा की."

त्यानं खाली बसत रिमोट उचलला आणि होडी धरली. खडक एका केसानं चुकला.

"बटणांवरचं कुंकू गेलं," पृथ्वीराज खचलेल्या आवाजात म्हणाला. "ऐंशी हजार." मृत्युंजय डावीकडे वळला. "बाजूचं पण गेलं. साठ." होडी दोन खडकांच्या मधून निघाली आणि वायर ओढली जाऊन मशीन चौरंगावरून घसरत त्याच्या मांडीत आलं. "मधला पट्टा गेला. तीस." नागम्मांनी त्याला हातानं गप्प बसायची खूण केली. लाल पूल दिसायला लागला होता. मृत्युंजयचे अंगठे लाल झाले होते, सदऱ्यावर विभूती सांडली होती. टीव्हीचं बटण दाबायला मागून कुणी येतंय का, म्हणून त्यानं एकदा मान वळवून पाहिलं. मागे शिवलीला होती. तिनं भाव सांगणाऱ्या पृथ्वीराजच्या आणि टीव्हीच्या मध्ये पाट ओढून घेतला होता आणि त्यावर ती बसली होती.

पूल जवळ आला, मोठा झाला, वरून गेला.

पलीकडे निळी नदी होती. हिरवे काठ होते. अगदी तेच. लांबवर एक पूल होता, त्याचा रंग तेवढा पिवळा.

 "तीन हजार," पृथ्वीराज म्हणाला. मग शिवलीलाच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "एवढंच आहे होय?"

मृत्युंजयला वाटलं होतं, वाईट वाटेल. पण त्याला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. पार्लरवाल्यानं त्याचं काहीच काढून घेतलं नव्हतं. जे होतं ते सगळं त्याला त्या अर्ध्या तासातच मिळून गेलं होतं.

"अव्वा, पुढं आनखी एक पूल हाय," तो म्हणाला.

"मग जा की," नागम्मा म्हणाल्या. "आता कोन अडीवलंय तुला?"

होडी पुढे निघाली. पृथ्वीराजनं घड्याळात पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. त्याच्या पुण्याच्या घरी सीलबंद डब्यांची दोन कपाटं होती आणि त्यातल्या एकाही डब्यात काय वाहतंय, हे त्यानं पाहिलेलं नव्हतं. चौरंगाखाली दुसरा रिमोट पडला होता, कुंकवासकट, अजून कुणी हात न लावलेला. पृथ्वीराज तिथंच जमखान्यावर मांडी घालून बसला, आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं हळूच एक हातमोजा काढला.