जादूच्या फडातला पंच

भिकूआबा पुस्तक परत करायला आले की आधी ऐकू येतात, मग दिसतात. वाचनालयाच्या दारात उभं राहायचं, पुस्तक डोक्यावर धरायचं आणि जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पुकारतात तसं पुकारायचं, "चितपऽऽट!" याचा अर्थ पुस्तक पडलं. आवडलं असेल तर "पुस्तक इजयी!" आणि अर्धवट कळलं असेल तर "बरोबरीत सोडवली!" आत पेपर तोंडावर घेऊन झोपलेली मंडळी दचकून जागी होतात. पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ तर एकदा खुर्चीसकट आडवे झाले होते. आबांनी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "ह्ये बी चितपट."

मी या वाचनालयाचा ग्रंथपाल. गाव कळस, वर्ग 'ड', पगार सांगण्यासारखा नाही. गावात घरटी दोन मोबाइल आहेत आणि वाचक सगळे मिळून एका जीपमध्ये बसतील. जे येतात ते फुकट पेपर आणि पंख्यासाठी येतात. पुस्तक वाचून त्यावर काही बोलणारा माणूस एकच, तो हा असा.

आबांनी उभा जन्म जत्रेच्या कुस्त्यांचा पंच म्हणून काढला. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत असं गाव नसेल जिथल्या मातीत त्यांनी शिट्टी वाजवली नाही. गुडघे गेल्यावर फड सुटला आणि ते पुस्तकांकडे वळले. नजर मात्र तीच राहिली. एक गाजलेली प्रेमकथा त्यांनी तीन दिवसांत परत आणली. "जोडच चुकीची लावलीया," म्हणाले. "पोरगी वजनदार, पोरगं काडी. पहिल्याच डावात बसणार हुतं." एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र वाचून म्हणाले, "एकटाच उतारला, एकटाच लढला, एकटाच जिंकला. समोर कोन हुतं ते शेवटपतोर सांगितलं न्हाय." आमच्या अध्यक्षांचा कवितासंग्रह तर त्यांनी भर सभेत पाडला. "शड्डू लई ठोकलाय. अंगाला अंग कुठंच लावलं न्हाय."

अध्यक्षांनी मला आबांच्या घरी पाठवलं, जरा मत बदलता येतं का बघायला. आबा म्हशीला वैरण टाकत होते. "सर, दिलेला निकाल फिरत न्हाय," म्हणाले. माझ्या पगाराची फाइल त्यानंतर बरेच दिवस अध्यक्षांच्या टेबलावर तशीच पडून राहिली. निकाल देणारा मोकळा असतो, भोगतो दुसराच.

हे वाक्य मी माझ्याबद्दल लिहिलं खरं, पण गावात ते ज्याला लागू आहे तो दुसराच आहे. आबांचा मुलगा तानाजी.

तानाजी चांगला पैलवान होता. गावच्याच जत्रेत त्याची शेवटची, मानाची कुस्ती लागली आणि पंच आबा. खरं तर बापाने पोराच्या कुस्तीला पंच व्हायचं नसतं. पण आबांच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास, म्हणून लोकांनीच त्यांना उभं केलं. तानाजी खाली गेला, त्याची मान पकडीत दबली. दुसऱ्या कोणाचा पोरगा असता तर आबांनी शिट्टी वाजवून कुस्ती बरोबरीत सोडवली असती. पण पब्लिक ओरडत होतं, निकाली पाहिजे, निकाली पाहिजे. आबा थांबले. पोराला वाचवला म्हणतील, या एका भीतीने थांबले. मान गेली. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला. ओरडणाऱ्यांपैकी एकजणही दवाखान्यात आला नाही. मटणाचं जेवण होतं ना घरोघरी.

आबा दवाखान्यात गेले. कॉटजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "निकाल बरोबर हाय."

तानाजीने तोंड भिंतीकडे फिरवलं. बरा झाल्यावर बायको घेऊन बारामतीला गेला, तिथे दुधाची डेअरी टाकली. "माझं चुकलं म्हनंल त्या दिवशी बोलंन," एवढं त्याने बायकोजवळ सांगून ठेवलं आणि ते सगळ्या गावाला माहीत झालं. आबांनाही. आबांची आई-बायको कोणी उरलेलं नाही. घरात दोन म्हशी आणि आमच्या वाचनालयाचं एक पुस्तक, असा संसार.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आबा काही न पुकारता आत आले. मी घाबरलोच.

"सर, ती जादूगार पोरांच्या फडाची गोष्ट हाय न्हवं? तिचा दुसरा भाग पायजे."

आबांना नात आहे, ओवी. सातवीत. सुनबाई दिवाळीला तिला दोन दिवस आणतात, तेवढीच गाठ. ओवीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावून नातवंडांबरोबर एका पुस्तकावर बोलायचा कार्यक्रम होता. तिने आबांचं नाव दिलं होतं आणि पुस्तकही तिनेच ठरवलं होतं. तानाजीने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. सुनबाईंनी फोनवर हळूच सांगितलं होतं, "आबा, नीट बोला. हेनी बी येतील कदाचित."

पुस्तक मी पुण्याहून मागवलं. जाडजूड, कव्हरवर ज्वाळा. गोष्ट अशी की जादू शिकवणाऱ्या सात गुरुकुलांतून एकेक पोर निवडायचं, त्यांना एका काळ्या मैदानात सोडायचं आणि जो जिवंत उरेल तो जिंकला. पहिल्या भागात जिवंत उरलेली नायिका दुसऱ्या भागात पुन्हा त्याच मैदानात. लेखकांना एकदा जे खपतं ते पुन्हा विकायचं असतं, त्यात नवल नाही.

आबांनी मात्र ते जीव लावून वाचलं. रोज येऊन माझ्यावर खेकसायचे, जणू स्पर्धा मीच भरवली होती. "तेरा वर्साची पोरगी आन् समोर तीनशे वर्साचा जादूगार! जोड कुनी लावली? वजन न्हाय, वय न्हाय!" दुसऱ्या दिवशी, "त्या पोरानं दंडाला मंतर बांधून आनलाय. आत सोडताना अंग तपासायचं न्हाय व्हय?" त्यांचं म्हणणं एकंदरीत असं, की त्या जादूच्या राज्यात एकसुद्धा माहितगार माणूस नाही. मला हसू यायचं. बऱ्याच दिवसांनी वाचनालयात कोणीतरी पुस्तकावर भांडत होतं.

मग एक दिवस ते आले आणि पुस्तक उघडंच माझ्या टेबलावर ठेवलं. त्या पानावर एक म्हातारा पंच होता. त्याच्या हातात शंख. तो फुंकला की लढाई थांबायची. एक पोरगा खाली दबलेला, प्रेक्षक बेभान, पंचाने शंख ओठाला लावलेला. पण तो फुंकत नाही. पोरगा मरतो. पुढच्या प्रकरणात जिंकणाऱ्याची मिरवणूक सुरू.

"त्या पंचाचं पुढं काय झालं?" आबांनी विचारलं.

मी पानं चाळली. "काही नाही आबा. किरकोळ पात्र आहे ते."

"किरकोळ," आबा म्हणाले आणि पुस्तक उचलून गेले. त्या दिवशी निकाल पुकारला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर बारामतीला नेलं. धुतलेला पटका, नवी बंडी. शाळेचा हॉल गच्च भरला होता. आज्या गोडगोड गोष्टी सांगत होत्या आणि बाई प्रत्येकीला "व्वा, किती छान!" म्हणत होत्या. ओवी धीट पोरगी. तिने गोष्ट सांगितली, नायिका आवडते म्हणाली, पाचपैकी पाच स्टार दिले आणि माइक आबांकडे दिला.

आबांनी जोडीपासून सुरुवात केली. वजन, वय, दंडाला बांधलेला मंत्र. हॉल हसून लोटपोट. मागच्या दाराशी उजवा हात खिशात घालून तानाजी उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी हललं. मग आबा त्या म्हाताऱ्या पंचाच्या पानावर आले.

"पोरगं खाली हुतं. मान दबली हुती. पंचाला दिसत हुतं. दिसत न्हवतं आसं न्हाय. शंख व्हटाला लावला हुता, फुकायचा तेवढा बाकी हुता. पर त्याला वाटलं, लोक म्हनतील ह्येनं आपल्या मानसाला वाचवला."

ओवीने त्यांची बाही ओढली. "आबा, असं नाहीये पुस्तकात."

आबा थांबले. बाईंना वेळ गाठायची होती. त्या हसत म्हणाल्या, "आजोबा, मग किती स्टार?"

"पंच चुकला," आबा म्हणाले आणि माइक खाली ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरं कशालाही वाजवतात.

मी धावत मागे गेलो. तानाजी निघाला होता. मला बघून थांबला. "सर, पुस्तकातला पंच चुकला म्हनले. बरं झालं. ऐकून पुस्तकातल्या त्या पोरालाबी बरं वाटंल." एवढं बोलून गेला. मला त्याचा राग आला नाही. एवढी वर्षं वाट बघून माणसाच्या वाट्याला पुस्तकाचं परीक्षण आलं होतं.

परतीच्या वाटेवर काटेवाडी आली. तिथे चहाला थांबलो तेव्हा आबांनी विचारलं, "काय म्हनला त्यो?"

मी गोड करून सांगू शकलो असतो. पण मलाही आता या बापलेकांचा कंटाळा आला होता. मी जसंच्या तसं सांगितलं. आबांनी कपातला चहा संपवला नाही. उठून गाडीजवळ जाऊन उभे राहिले. "वळवा," म्हणाले.

डेअरीवर संध्याकाळची गर्दी होती. बायका-माणसं भांडी घेऊन ओळीत उभी. मी म्हटलं, आबा, पुढे व्हा. "नंबरानं," आबा म्हणाले आणि ओळीत शेवटी जाऊन उभे राहिले. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. तानाजी डाव्या हाताने माप भरत होता. त्याने बघितलं, पण माप थांबलं नाही. ओळ पुढे सरकत राहिली. आबांचा नंबर आला.

"तान्या, माझं चुकलं," आबा म्हणाले. फडात पुकारणारा तो आवाज, मागच्या बाईलासुद्धा धड ऐकू गेला नसेल. "शिट्टी वाजवायला पायजे हुती. मला दिसत हुतं."

तानाजी खाली बघत उभा राहिला. मापातून दूध ठिबकत होतं.

"किती?" त्याने विचारलं.

"आं?"

"दूध. किती देऊ?"

घरी दोन म्हशी दुभत्या असलेला माणूस म्हणाला, "आर्धा लिटर."

"भांडं?"

आबांनी रिकामे हात दाखवले. तानाजी आत गेला, घरातली स्टीलची किटली घेऊन आला, दूध ओतलं आणि झाकण दाबून बसवलं. आबा बंडीच्या खिशात पैसे चाचपत होते तोवर त्याने मागच्या बाईचं पातेलं घेतलंसुद्धा. मग वर न बघता म्हणाला, "किटली घरातली हाय. परत पायजे."

कळसपर्यंत आबांनी ती किटली पोटाशी धरून ठेवली. खड्डा आला की माझ्या पाठीवर दूध सांडायचं आणि मलाच ऐकून घ्यावं लागायचं, "सर, हळू." शर्टाची पाठ भिजून चिकट झाली. त्यांच्या दारात गाडी उभी केली तेव्हा गोठ्यात म्हशी ओरडत होत्या, धारेची वेळ टळून गेली होती.

"या दुधाचं काय करणार आता?" मी विचारलं.

"पितो," आबा म्हणाले, "आन् किटली घासून ठेवतो." मग म्हणाले, "सर, बारामतीला सकाळची पहिली येष्टी कितीला हाय?"