चारशे दहा भाऊ

शिंदखेड्यात टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या विक्रमने घरात कूलर आणला, तो अजून न केलेल्या बिलाच्या भरवशावर. पुण्याच्या एका एजन्सीने त्याला पाण्याच्या मोटारीचं माहितीपत्रक अहिराणीत करून मागितलं होतं. मराठी मजकूर सहाशे शब्दांचा आणि दर अहिराणी शब्दाला दहा रुपये. सहा हजार खिशात आलेच असं धरून विक्रमने कन्हैयालाल शेठकडून साडेपाच हजारांचा कूलर उधारीवर उचलला आणि सोमवारी पैसे देतो असं छातीठोक सांगूनही टाकलं.

दुकानात मराठी टाइप करून करून विक्रमची स्वतःची अहिराणी पार झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणून त्याने आईला, चमेलीबाईंना, कूलरसमोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. "सदर मोटार कार्यान्वित करण्यापूर्वी वीजपुरवठा सुयोग्य असल्याची ग्राहकाने स्वतः खातरजमा करावी."

"लाईट शे का देख," चमेलीबाई म्हणाल्या.

एकशे दहा रुपयांचं वाक्य चाळीस रुपयांवर आलं. विक्रमने पुढचं वाचलं. "ओल्या हातांनी उपकरणास स्पर्श केल्यास जीवितास गंभीर धोका संभवतो."

"ओला हात लावू नको, मरशी."

"माय, आखो काही बोल ना."

"मरशी सांगं. आते आखो काय राह्यनं?"

संध्याकाळपर्यंत सगळं पत्रक संपलं. शब्द भरले एकशे नव्वद. इतकी स्पष्टवक्ती आई आपल्याच नशिबी का, असा विचार विक्रमच्या मनात येऊन गेला. पण माणूस गरजू असला की त्याची बुद्धी पळायला लागते. खानदेशात भाऊ, नाना, आबा, अक्का म्हटल्याशिवाय कोणी बोलत नाही, आणि हे तर शुद्ध संस्कारांचं काम! त्याने प्रत्येक वाक्यात माणसं पेरायला घेतली. "भाऊ, नाना, आबा, लाईट शे का देख. ओला हात लावू नको भाऊ, मरशी आबा." बरोबर चारशे दहा माणसं पेरून झाल्यावर त्याने सहा हजारांचं बिल केलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी एजन्सीच्या रिद्धी मॅडमचा फोन आला. "मजकूर छान आहे हो, पण अकाउंट्सवाले अडलेत. एकदा आलेल्या शब्दाचे पैसे ते पुन्हा देत नाहीत. तुमच्याकडे भाऊ फार झालेत."

विक्रमच्या डोळ्यांपुढे कूलर दाराबाहेर जायला लागला. तो बोलून गेला, "मॅडम, प्रत्येक भाऊ वेगळा आहे!"

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे माणूसच वेगळा. आमच्याकडे असं उगाच कोणालाही भाऊ म्हणत नाहीत."

हे धादांत खोटं होतं, पण मॅडम पुण्याच्या होत्या. "मग बिलासोबत यादी जोडा," त्या म्हणाल्या. "कोणत्या ओळीत कोण, नाव आणि मोबाईल नंबर."

विक्रम वही घेऊन गावात फिरला. पहिल्या दिवशी लोकांच्या हातापाया पडून नावं मागावी लागली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कागदावर नाव लागतंय ही बातमी पसरली आणि दुकानापुढे रांग लागली. मगन तर तावातावानेच आला.

"चुडामण मन्हापेक्षा दोन वरीसना धाकला शे. त्याले आबा, अन् माले नुसता भाऊ?"

मगनला आबा करावं लागलं. लगेच चुडामण रुसला. पुष्पाबाईंना अक्का नको होतं, त्यांना वय झाल्यासारखं वाटत होतं. सगळी नावं बसली, पण 'मरशी'च्या शेजारचा आबा व्हायला काही केल्या कोणी तयार होईना. इतक्यात कन्हैयालाल शेठ आले.

"सगळं गाव घेतलंस, आम्ही काय परके? आम्हालाही बसव की कुठेतरी."

"जागा एकच उरलीय शेठ. पण मोक्याची आहे," असं म्हणून विक्रमने त्यांना तिथे बसवलं. त्याला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी सकाळी बँकेचा मेसेज आला. खात्यात जमा, रुपये एकोणीसशे. विक्रमने घाबरत घाबरत पुण्याला फोन लावला.

"पूर्ण बिल पास झालंय," रिद्धी मॅडम आनंदाने म्हणाल्या. "एकशे नव्वद शब्दांचे तुम्हाला. बाकीच्या चारशे दहा जणांचे दहा-दहा रुपये अकाउंट्सने थेट त्यांच्या मोबाईलवर पाठवले. यादी तुम्ही अगदी व्यवस्थित दिली होती."

फोन ठेवेपर्यंत मगन दारात होता. हातातला मोबाईल नाचवत तो ओरडला, "विक्रमभो, दहा रुपया उनात! कंपनीना पैसा!" त्याच्यामागे चुडामण, त्याच्यामागे पुष्पाबाई, त्यांच्यामागे अर्धा बाजार. सगळ्यांना विक्रमचं अभिनंदन करायचं होतं, आणि आनंदाने दारात आलेल्या माणसाला चहा न पाजता परत पाठवायची पद्धत शिंदखेड्यात नाही. समोरच्या टपरीवर कट चहा दहा रुपये होता. कन्हैयालाल शेठांनी तर दोन घेतले आणि जाता जाता "सोमवारचं लक्षात आहे ना?" एवढंच विचारलं.

दुपारी चहावाल्याने हिशेबाची चिठ्ठी आणून दिली: चारशे अकरा कट, चार हजार एकशे दहा रुपये. विक्रमने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. कूलरच्या वाऱ्यात चमेलीबाईंनी चिठ्ठीत डोकावून पाहिलं.

"आते चहानं बिल कोनाले धाडशी?"