पातेल्यातला उभा डाव

सासूबाईंनी वॉशिंग मशीनमधून निघालेली चादर उजेडात धरली, नाकाला लावली आणि म्हणाल्या, "भिजलीय छान. धुवायची कधी?"

हा टोला जावयाला होता, कारण मशीन त्यानंच आणलं होतं. जावई गवंडी होता. त्यानं गिलावा केलेल्या भिंतीवरून हात फिरवला की माणसाला स्वतःचाच तळवा खरखरीत वाटायचा. गावभर त्याच्या हाताचं नाव होतं, पण घरात सासूबाईंच्या तोंडून आजवर साधं 'बरं आहे' निघालं नव्हतं. बिचाऱ्यांची बोटं आखडली होती. साबणाची वडी धरली की सुळकन निसटून मोरीच्या कोपऱ्यात जायची. जन्मभर आपले कपडे आपण धुतलेल्या बाईला आता दुसऱ्याच्या धुण्याकडे बघत बसावं लागत होतं, आणि त्याचं दुःख जावयाला मनापासून कळत होतं.

"मी घरीच साबण करतो," तो म्हणाला. "पातळ, बाटलीत भरून ठेवायचा. अस्सल माल!"

"करा," चप्पल घालत सासूबाई म्हणाल्या. "माझ्या वस्तूंना हात लावू नका म्हणजे झालं." आणि त्या संध्याकाळपर्यंत बहिणीकडे गेल्या.

कृती त्यानं मोबाइलवर पाहिली होती. साबण किसायचा, धुण्याचा सोडा घालायचा, बादलीभर गरम पाणी ओतायचं आणि ढवळायचं. बादलीपाशी मात्र त्याच्यातला गवंडी जागा झाला. सिमेंट-वाळूचा माल पातळ झाला की भिंत सोडतो, हे तो कामावरच्या प्रत्येकाला बजावत आला होता. त्यानं दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं, त्यात तांब्याभरच पाणी टाकलं आणि किसलेल्या साबणाचा डोंगर त्यात रिचवला. ढवळायला घेतलेले चमचे बुडायला लागले, तेव्हा फळीवरचा लांब दांड्याचा पितळी डाव त्याच्या हाती आला. तो सासूबाईंच्या आईचा डाव होता. स्वतःचं घर मोडून लेकीकडे येताना सासूबाईंनी तेवढं एकच भांडं बरोबर आणलं होतं.

गिलाव्याची थापी मालात उभी राहिली की माल जमला, हा त्याचा कामावरचा नियम. डाव उभा राहिला. समाधानानं गॅस बंद करून तो बाटल्या आणायला गेला.

दोन तासांनी परत आला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात ठेवून उभी होती.

"अहो, हे काय उभं केलंय?"

पातेल्यातला साबण घट्ट थिजला होता; पिवळसर, गुळगुळीत, कुठं भेग नाही की बुडबुडा नाही. मधोमध डाव असा ताठ, जणू पातेल्यातूनच उगवलाय. दोघंही काही वेळ बघतच राहिली. एवढा सपाट पृष्ठभाग त्याला सिमेंटमध्येसुद्धा कधी साधला नव्हता.

"काय सुंदर बसलाय गं," तो हळूच म्हणाला.

"आई येईल आता! काढा तो डाव!"

तेव्हा कुठं त्याला तो डाव कुणाचा ते आठवलं. त्यानं डाव ओढला, पिळला, पातेलं पायांत धरून पुन्हा ओढला. डाव जागचा हलेना. गरम पाणी ओतलं तर वर ढीगभर फेस आला आणि तो शेगडीखाली शिरला. जीव भांड्यात पडायचा, तर भांडंही रिकामं नव्हतं. शेवटी बायको खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला घेऊन आली.

डॉक्टरांनी पातेल्याभोवती फेरी मारली आणि चष्मा काढला. "अशी पकड मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. अक्कलदाढेचीसुद्धा नसते!"

"निघेल ना?"

"ओढायचं नाही. हलवायचं. पातेलं गरम पाण्यात ठेवा." त्यांनी डाव धरला आणि सवयीनं पातेल्यालाच विचारलं, "दुखतंय का?"

"मला दुखतंय," जावई म्हणाला.

पातेलं गरम झाल्यावर डॉक्टरांनी ते धरलं, जावयानं डाव. हलवता हलवता 'फुळुक्' असा आवाज झाला आणि जावई मागच्या मागे बसला. त्याच्या हातात डाव होता. डावाला पातेल्याच्या आकाराचा अख्खा साबण होता. डॉक्टर रिकामं, लख्ख पातेलं आरशासारखं न्याहाळत राहिले.

आणि दारात सासूबाई उभ्या होत्या.

शेगडीवरून फेस टपकत होता. सासूबाई पुढं आल्या. जावयानं मान खाली घालून डाव त्यांच्यापुढं धरला. त्यांनी आपल्या आईचा डाव ओळखला, त्यावरचा साबण पाहिला, मग दांड्याभोवती सावकाश बोटं वळवली. जाड दांडा त्या आखडलेल्या बोटांत बसला. निसटला नाही.

त्या डाव घेऊन मोरीत गेल्या. तिथल्या ओट्यावर सकाळची चादर पसरून त्यांनी साबण दोन्ही हातांनी तिच्यावरून ओढायला सुरुवात केली. त्याच्या वजनानंच काम होत होतं. पांढराशुभ्र फेस दाटत गेला. बायको, जावई आणि डॉक्टर दारात दाटीवाटीनं उभे राहून ते धुणं श्वास रोखून बघत होते. सासूबाईंचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत.

"आता धुतली जातेय," त्या म्हणाल्या.

जेवायच्या वेळी बायकोनं भीत भीत विचारलं, "आई, वाढायचं कशानं? डाव तर..."

"डाव कामात आहे. त्यांची नवी थापी घास स्वच्छ."

थापी घासून आली. ती चालवणं आपलंच काम, म्हणून जावयानंच सासूबाईंच्या ताटात भात वाढला आणि सवयीनं वरून थापीचा एक हात फिरवला. सासूबाई त्या सपाट भाताकडे टक लावून बघत राहिल्या. मग बोटांनी त्याची कड हलकेच चाचपली.

"हात चांगला आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या.