सुबोधचे अडतीस

सुबोधला अडतीस रेटिंग मिळाल्याचं मुलुंडच्या त्रिवेणी सोसायटीत सगळ्यांना त्याच्याआधी कळलं. दिशाने यादी ग्रुपवर टाकली तेव्हा तो अंघोळीला गेला होता.

दिशा त्याचीच मुलगी, पवईला संख्याशास्त्रात संशोधन करणारी. रोहिणी सोसायटीविरुद्धच्या बास्केटबॉल मॅचला कोण उतरणार यावरून गेल्या वर्षी इतकी भांडणं झाली, की यंदा कोच काशीरामकाकांनी निवड चक्क व्हिडिओ गेमवर सोपवली. त्या गेममध्ये आपल्या माणसांचे खेळाडू बनवता येतात. दिशाने तीन रविवार कोर्टाशेजारी वही घेऊन बसून आठ जणांचं नेम धरणं, पळणं, पास देणं टिपलं आणि शंभरपैकी आकडे भरले. वरचे पाच खेळणार. सुबोध आठवा होता. एकोणीस वर्षांत तो एकदाही बाकावर बसला नव्हता.

"चंद्रप्रकाशला बावन्न?" तो टॉवेलवरच, हातात फोन घेऊन बाहेर आला. "त्या माणसाला बुटाची नाडी बांधताना धाप लागते."

"पण त्याचे वीसपैकी अकरा बॉल आत जातात. तुझे चार गेले."

"हे रिअलिस्टिक नाहीये, दिशा. मी कॉलेजचा कॅप्टन होतो."

"ती आकडेवारी माझ्याकडे नाही, बाबा."

लिफ्टमध्ये दोघांनी त्याला हलक्या आवाजात तब्येत विचारली, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपले बॉल रिंगच्या अलीकडे पडत नाहीत, नेहमी पलीकडेच का जातात, याचा दिवसभर विचार करून शेवटी त्याला रिंगचाच संशय आला. संध्याकाळी तो वॉचमनची शिडी लावून वर चढला आणि टेप खाली सोडली. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी. भरली साडेनऊ. पेव्हर ब्लॉकवर पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवून अंगणच सहा इंच वर आलं होतं.

"माझा हात बरोबर आहे," शिडीवरूनच त्याने जमलेल्या मंडळींना सुनावलं. "तुमची जमीन चुकलीय."

मोजमापच चुकलं असेल तर चाचणी पुन्हा घ्यावी लागेल, हे दिशाने लगेच मान्य केलं. शनिवारी सकाळी तीन रिक्षा करून आठही जण पवईला, नीट उंचीच्या रिंगवर गेले. चंद्रप्रकाशचे वीसपैकी तीन बॉल आत गेले. सुबोधचे नऊ. नव्या यादीत सुबोध चोपन्न, पहिला. परतताना मुलुंड येईपर्यंत तो रिक्षात चंद्रप्रकाशला गुडघे कसे वाकवायचे ते शिकवत होता.

घरात पाऊल टाकताच त्याने दिशाला टीम जाहीर करायला सांगितली.

"मॅच कुठल्या रिंगवर आहे?" तिने विचारलं.

"आपल्याच."

"मग आपल्याच रिंगवरचे आकडे धरायला हवेत ना. तिथे तू अडतीसच."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. रिंग सहा इंच वर घ्या, हे सांगायला तो तडक सोसायटीच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी राजेशने सांगितलं की रिंगचा खांब गंजलाय, हलवला तर हातात येईल.

"मग ब्लॉक उखडा. ब्लॉकवर ब्लॉक घालायची अक्कल कुणाची, ते तरी कळू दे."

राजेशने कपाटातून जुनी फाइल काढली, पान शोधलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. अर्ज होता. 'साचलेल्या पाण्यात घसरून माझी मुलगी दिशा, वय वर्षे सहा, हिची हनुवटी फुटली आहे. अंगण तातडीने उंच करावे.' अक्षर सुबोधचंच. 'तातडीने'खाली दोन रेघा.

तो घरी आला. दिशा पेन हनुवटीला टेकवून यादी तपासत होती. तिने विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही. अडतीस राहू दे."

दिशाने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? सदतीसच येत होतं, बाबा. एक मी वाढवला."

सुबोध ताडकन उठला.

"वशिला? माझ्या घरात? आत्ताच्या आत्ता सदतीस कर."