पीटीओची साथ

यंत्राच्या आवाजावरून मी त्याचा आजार ओळखतो. हे मी एकटाच म्हणतो, पण खरं बोलायला माणसं जमवावी लागत नाहीत. एकदा डोक्यावरून विमान चाललं होतं. मी खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं, याचं डावीकडचं इंजिन कण्हतंय. त्या दिवसापासून ते विमान आमच्या बाजूला फिरकलेलं नाही. आता बोला!

तर महिन्यापूर्वीची गोष्ट. बायकोनं कोबीची पाच हजार रोपं मागवली होती. रोपवाटिकेचा टेंपो दुपारी चारला येणार होता आणि त्याआधी सगळी जमीन भुसभुशीत व्हायला हवी होती. ट्रेमधली रोपं म्हणजे पाहुणे नव्हेत, की ओसरीवर बसवून गप्पा मारत ठेवावं. एक दिवस उन्हात राहिली की माना टाकतात.

सकाळी आठला मी आमचा छोटा ट्रॅक्टर काढला. हा गाढवापेक्षा वीतभर उंच आणि स्वभावानं तसाच. मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडला. कडेची माती मऊ होती, तिथं झकास चाललं. वावराच्या बरोबर मधोमध कडक पट्टा लागला आणि रोटाव्हेटरची पाती थांबली. इंजिन बोंबलतंय, पाती गप्प. उचलून धरला की पाती पुन्हा भिंगरीसारखी फिरायची. मातीला टेकवला की बसलीच हाताची घडी घालून! वर जळका वास.

ट्रॅक्टरच्या मागे शेपटासारखा एक फिरता दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची ताकद त्यातून अवजाराला मिळते. मी डोळे मिटून आवाज ऐकला आणि निदान केलं: पीटीओ घसरतोय, आतली क्लचप्लेट संपली.

बायको बांधावर दोरी घेऊन ओळी आखत होती. ती म्हणाली, एकदा रोटाव्हेटरही बघा. मी म्हणालो, पोट दुखत असताना कुणी चप्पल तपासत नाही. तिनं दोरी जरा जास्तच ताणली.

आता क्लचप्लेट बघायची तर ट्रॅक्टर कमरेत सोडवावा लागतो. पुढचं धड वेगळं, मागचं धड वेगळं. कारखान्यात याला चार माणसं आणि एक दिवस लागतो. मला एक शेजारी आणि एक सकाळ लागली. शेजारी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांच्याकडेही असाच छोटा ट्रॅक्टर आहे, त्यामुळे ते उत्सुकतेनं आले. दोन जॅक, लाकडाचे ओंडके आणि स्वयंपाकघरातलं स्टूल एवढ्यावर दुपारी एकपर्यंत आमचा ट्रॅक्टर दुभंगला. दोन्ही धडं वावराच्या मधोमध अशी उभी होती, की जणू भांडण झालंय आणि आधी कोण बोलणार याची वाट बघतायत.

प्लेट काढली. नवी कोरी! तिच्यावरचे कारखान्याचे आकडेसुद्धा वाचता येत होते. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचले. मी म्हणालो, ही वरून चांगली दिसते, झीज आतून असते. मास्तर म्हणाले, पत्र्याला आत कुठं असतं? निवृत्त झाला तरी मास्तर तो मास्तरच.

दीड वाजता बायको आली. दोन धडांकडे तिनं आळीपाळीनं पाहिलं आणि एवढंच विचारलं, की हा चारच्या आत जुळेल का. मी म्हणालो, जुळेल, पण घाई करू नये. तिनं माझा नाद सोडला, मास्तरांचा ट्रॅक्टर मागितला आणि आमचा रोटाव्हेटर त्याला जोडला. मास्तर गाडीवर बसले, दहा पावलं गेले, कडक पट्टा लागला आणि पाती थांबली. इंजिन बोंबलतंय, पाती गप्प.

खरं सांगतो, मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"मास्तर, तुमचाही पीटीओ गेला," मी म्हणालो. "साथ आलीय!"

आणि मी पाना उचलला. मास्तर चपळाईनं उतरले आणि बॉनेटला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"अप्पा, माझ्या गाडीला हात लावायचा नाही. वहिनी, यांना सांगा."

वहिनी, म्हणजे माझी बायको, हिशेब करत होती. "दोन ट्रॅक्टर आजारी," ती म्हणाली, "आणि रोटाव्हेटर एकच."

तिनं मास्तरांकडून खडू मागितला. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी मास्तरांच्या खिशात खडू निघाला. पीटीओ आणि रोटाव्हेटर यांना जोडणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला रोटाव्हेटरच्या तोंडाशी एक गोल डबी असते. तिनं दांड्यापासून डबीवरून थेट रोटाव्हेटरपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग सगळ्यांना लांब उभं केलं आणि मास्तरांना गाडी चालवायला सांगितली. पाती मातीत अडकली तशी लगेच बंद करायला लावली. रेघ डबीत तुटली होती. दांड्याकडचा तुकडा कुठल्या कुठं फिरून गेलेला, रोटाव्हेटरकडचा जिथल्या तिथं. म्हणजे शेपूट इमानानं फिरत होतं, घसरत होती ती डबी.

या डबीत स्प्रिंगांनी दाबलेल्या चकत्या असतात. दगड लागला की त्या घसरतात आणि गिअर वाचतात. बायकोनं डबीच्या एका नटाला बोट लावलं. तो बोटानं फिरला. आठही फिरले.

"हे कुणी सैल केले?"

इथं मला आठवलं. गेल्या हंगामानंतर चकत्या गंजून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एका शहाण्या माणसानं ते नट ढिले केले होते. पुन्हा आवळायचे असतात, एवढं तो शहाणा विसरला.

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"उंदीर कुरतडतात. पाना धरत नाहीत."

तिनं सगळे नट सारखे आवळले आणि मास्तरांनी पाऊण तासात जमीन लोण्यासारखी केली. आमच्या धडांना वळसा घालून. बरोबर चारला टेंपो आला. मी हळूच सुचवलं, की ट्रॅक्टर जुळल्यावर बाहेर काढायला एक वाट तरी सोड. तिनं दोरी मोजली.

"वाटेत चारशे रोपं जातात. ती कुठं लावू, तुमच्या डोक्यावर?"

संध्याकाळपर्यंत पाच हजार रोपं लागली. एकानंही मान टाकली नाही. मान फक्त माझी खाली होती, तीही रोपं लावताना.

तीन दिवस सऱ्यांतून पाऊल जपत जाऊन मी दोन्ही धडं जुळवली. एकही बोल्ट उरला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारतात, अप्पा, कोबीच्या मधोमध ट्रॅक्टर का? मी सांगतो, पक्षी फार झालेत.

आता पीटीओ तसूभर घसरत नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, ट्रॅक्टर अगदी उत्तम चालतो. फक्त कोबी निघेपर्यंत कुठं जात नाही, एवढंच.